दिव्यातले दव आणि शोरूमचे 'नॉर्मल'

पावसाळा सुरू झाला की नव्या गाडीच्या मालकांची एक तक्रार हमखास कानावर येते. गाडी घेऊन तीन-चार महिनेही झालेले नसतात, बँकेचे हप्ते नुकते सुरू झालेले असतात, आणि एका सकाळी हेडलाइटच्या काचेवर आतून वाफ धरलेली दिसते. बाहेरून फडके मारले तरी ती पुसली जात नाही, कारण पाणी आतल्या बाजूला असते. मालकाचा जीव खालीवर होतो. तो शोरूमकडे धाव घेतो. शोरूमवाला गाडीजवळ न जाताच सांगतो, 'नॉर्मल आहे साहेब, पावसाळ्यात होतेच.' घरी यावे तर शेजारीपाजारी म्हणतात, 'नव्या गाडीला नजर लागली. पूजा केली नाही, लिंबू-मिरची बांधली नाही, मग असेच होणार.'

ही दोन उत्तरे वरवर पाहता दोन टोकांची वाटतात. एक इंग्रजी बोलणाऱ्या, टाय लावलेल्या माणसाचे, दुसरे ओट्यावर बसलेल्या माणसाचे. परंतु दोन्ही उत्तरांचा अर्थ एकच आहे. प्रश्न विचारू नका, आम्ही सांगतो ते मुकाट्याने ऐका आणि घरी जा.

चळवळीच्या दैनिकात मोटारीच्या दिव्यावर लेख कशाला, असे काही वाचक विचारतील. अत्याचार थांबलेले नाहीत, शिष्यवृत्तीचे पैसे वेळेवर मिळत नाहीत, रिक्त जागा भरल्या जात नाहीत. हे विषय सोडून आम्ही हेडलाइटमधल्या दवाकडे कशासाठी वळलो? उत्तर सरळ आहे. ज्यांच्या आजोबांनी वेठबिगारी केली आणि ज्यांच्या वडिलांनी सायकलवरून गिरणी गाठली, त्यांची मुले आज बाबासाहेबांच्या संघर्षामुळे शिकली, नोकरीला लागली आणि कर्ज काढून का होईना घरापुढे गाडी उभी करू लागली. या गाडीसाठी मोजलेला पैसा घामाचा आहे. त्या पैशाच्या बदल्यात जे मिळाले ते चोख आहे की सदोष, हे तपासण्याचा आणि त्याचा जाब मागण्याचा प्रश्न हा स्वाभिमानाचा प्रश्न आहे. म्हणून हा विषय याच पानावर हवा.

वाहन आणि आपण

आपल्या इतिहासात वाहन ही केवळ सोयीची वस्तू कधीच नव्हती. १९०१ साली नऊ-दहा वर्षांचे भीमराव भावंडांसह वडिलांना भेटायला निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. मुले महारांची आहेत हे कळताच दुप्पट भाडे देऊ केले तरी एकही बैलगाडीवाला त्यांना घ्यायला तयार होईना. शेवटी भाडे दुप्पट, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवाल्याने बाजूने चालायचे, अशा अटीवर प्रवास सुरू झाला. रात्रभर त्या लेकरांना पिण्याचे पाणी मिळाले नाही.

१९२९ साली बाबासाहेब बॅरिस्टर झालेले होते, मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सभासद होते. धुळ्याहून परतताना ते चाळीसगावला उतरले. तेथील टांगेवाल्यांनी अस्पृश्याला टांग्यात बसवून नेण्यास नकार दिला. आपल्या नेत्याने पायी चालत वस्तीत यावे हे तेथील समाजबांधवांना रुचेना. त्यांनी टांगा भाड्याने मिळवला आणि हाकायला आपल्यातलाच एक माणूस बसवला. त्याला टांगा हाकण्याचा सराव नव्हता. पुलावर टांग्याला अपघात झाला, बाबासाहेब फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले.

चाळीसगावच्या या घटनेतून दोन धडे निघतात. पहिला धडा सर्वांना पाठ आहे. टांगा हाकणारा माणूस स्वतःला बॅरिस्टरपेक्षा उच्च समजत होता, कारण जात त्याला तसे शिकवत होती. दुसऱ्या धड्याकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. सन्मानासाठी वाहन मिळवले, पण ते हाकण्याचे ज्ञान नव्हते, आणि त्या अज्ञानाची किंमत बाबासाहेबांना मोजावी लागली. वाहन मिळवणे ही अर्धी लढाई असते. ते वाहन समजून घेणे ही उरलेली अर्धी. आज वाहन कोणी नाकारत नाही, हप्ता भरला की चावी हातात मिळते. परंतु त्या वाहनाविषयीचे ज्ञान अजूनही काउंटरच्या पलीकडेच ठेवलेले आहे.

दव येते कोठून?

तेव्हा आधी कारण पाहू. तथागताच्या धम्मात कारणाशिवाय काही घडत नाही. कारण सापडले की उपाय सापडतो.

फ्रिजमधून काढलेली पाण्याची बाटली टेबलावर ठेवली की तिच्या बाहेरच्या अंगावर थेंब जमतात. बाटली गळकी नसते. ते पाणी खोलीतल्या हवेतले असते. हवेत डोळ्यांना न दिसणारे बाष्प असते. गरम हवा जास्त बाष्प सामावून घेते, थंड हवा कमी. ३० अंश सेल्सिअसची एक घनमीटर हवा सुमारे ३० ग्रॅम बाष्प धरू शकते. तीच हवा २० अंशांपर्यंत थंड झाली तर ती सुमारे १७ ग्रॅमच धरू शकते. उरलेले १३ ग्रॅम तिला कोठेतरी सोडावे लागतात आणि ती ते सर्वांत थंड पृष्ठभागावर सोडते. पहाटे गवतावर दिसते ते हेच. उकळत्या चहावर झाकलेल्या ताटलीला आतून पाणी सुटते तेही हेच.

आता गाडीचा दिवा घ्या. पुष्कळांची समजूत अशी की हेडलाइट ही हवाबंद डबी असते, म्हणून तिच्यात पाणी दिसणे म्हणजे डबी फुटणे. एके काळी असे दिवे होते. अमेरिकेत १९४० पासून काच, परावर्तक आणि तार एकत्र बंद केलेला 'सील्ड बीम' दिवा सक्तीचा होता. बल्ब गेला की अख्खा दिवा बदलायचा. १९८३ साली तेथे नुसता बल्ब बदलता येणाऱ्या दिव्याला परवानगी मिळाली. पुढे जड काचेच्या जागी पॉलिकार्बोनेट नावाचे हलके, पारदर्शक प्लास्टिक आले आणि दिव्यांना हवा तो आकार देता येऊ लागला. आज आपण ज्याला हेडलाइटची काच म्हणतो ती बहुतेक गाड्यांत काच नसतेच.

हा नवा दिवा मुद्दामच हवाबंद केलेला नसतो. दिवा पेटला की आतली हवा तापते आणि फुगते. तिला बाहेर जायला वाट नसेल तर दिव्याच्या सांध्यांवर ताण येईल. दिवा विझला की हवा थंड होऊन आकसते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. म्हणून दिव्याच्या पाठीमागे बारीक श्वासछिद्रे ठेवलेली असतात. काही दिव्यांत वाकडी रबरी नळी असते, काहींत हवा व बाष्प जाऊ देणारा पण पाण्याचा थेंब अडवणारा पातळ पडदा असतो. थोडक्यात, गाडीचा दिवा श्वास घेतो. पावसाळ्यात तो ओल्या हवेचा श्वास घेतो. मग गाडी धुतली, पावसाची सर आली किंवा रात्री गारवा पडला की समोरचे प्लास्टिक थंड होते आणि आतल्या हवेतले बाष्प त्याच्यावर दव होऊन बसते.

हे धुके बहुधा दिव्याच्या कोपऱ्यात, बल्बपासून दूर दिसते. जेथे उष्णता पोहोचत नाही आणि हवा खेळत नाही, तेथे ओलावा टिकतो. नव्या गाड्यांत तक्रार जास्त दिसते त्याचे एक कारण एलईडी दिवे हे आहे. जुना हॅलोजन बल्ब प्रकाशाबरोबर पुष्कळ उष्णता समोर फेकत असे, त्यामुळे काच आतून शेकली जाई आणि वाफ लवकर उडे. एलईडीची उष्णता मुख्यतः पाठीमागे, धातूच्या पंखांकडे जाते. समोरचे प्लास्टिक थंडच राहते. वीज वाचते, प्रकाश चांगला पडतो, पण दव उडायला वेळ लागतो.

म्हणजे दिव्यात दव दिसले की गाडी सदोषच, असे म्हणता येत नाही. पातळ, एकसारखे धुके असेल, दिवा लावून गाडी चालवल्यावर किंवा कोरड्या हवेत ते आपोआप निघून जात असेल, तर काळजीचे कारण नाही. अनेक कंपन्यांच्या गाडीसोबतच्या पुस्तिकेतही हेच लिहिलेले असते. यात नजरेचा काही संबंध नाही. शोरूमवाल्याचे वाक्य इथपर्यंत खरे आहे. पण ते इथपर्यंतच खरे आहे.

'नॉर्मल' कोठे संपते?

येथे आम्ही वाचकांना एक साधा हिशेब मांडून दाखवतो. तो सातवी-आठवीतल्या मुलालाही करता येईल. समजा, हेडलाइटच्या आतली पोकळी दहा लिटरची आहे. दहा लिटर म्हणजे एका घनमीटरचा शंभरावा भाग. ३० अंशांच्या पूर्ण ओल्या हवेने ती पोकळी भरली आणि २० अंशांपर्यंत थंड झाली, तर वर सांगितलेल्या १३ ग्रॅमचा शंभरावा भाग, म्हणजे ०.१३ ग्रॅम पाणी सुटेल. ०.१३ ग्रॅम म्हणजे डोळ्यांत औषध घालण्याच्या ड्रॉपरचे दोन-तीन थेंब!

दिव्याने एकदा श्वास घेतल्याने एवढेच पाणी जमू शकते. दोन-तीन थेंब संपूर्ण काचेवर पसरले की त्यांचे पातळ धुके होते. रोजच्या श्वासाने थोडे अधिक जमेल, पण धडधाकट दिवा ते रोज बाहेरही टाकतो. आता तुमच्या दिव्यात काचेवरून ओघळ वाहत असतील, टपोरे थेंब लोंबकळत असतील, तळाशी पाणी साचून गाडी वळताना ते हिंदकळत असेल, तर ते पाणी हवेतून आलेले नाही. ते भोकातून, फटीतून आत शिरले आहे. अशा दिव्याला 'नॉर्मल' म्हणणारा माणूस एक तर अडाणी आहे किंवा खोटे बोलतो आहे.

आणखी तीन खुणा लक्षात ठेवा. दोन दिव्यांपैकी एकाच दिव्यात वारंवार पाणी दिसत असेल तर संशय घ्या, कारण हवा दोघांना सारखीच मिळते. कोरडे ऊन पडून दोन-तीन दिवस झाले तरी ओलावा जात नसेल तर संशय घ्या. आतल्या चकचकीत भागावर डाग, पांढुरकेपणा किंवा बुळबुळीत थर दिसला तर अजिबात थांबू नका.

दोष कोठे असू शकतो? समोरचे प्लास्टिक आणि मागचे घर यांना जोडणारा चिकट थर एखाद्या ठिकाणी सुटलेला असतो. मागचे रबरी झाकण तिरपे बसलेले असते. घराला बारीक तडा गेलेला असतो. वायर जेथून आत जाते तेथले रबर सैल असते. श्वासनळी चिखलाने बुजलेली किंवा निसटलेली असते. यातले पुष्कळ दोष कारखान्यातले किंवा वाहतुकीतले असतात. गाडी वॉरंटीत असेल तर त्यांची जबाबदारी मालकाची नाही.

काही दोष मात्र आपणच ओढवून घेतो, तेही सांगितले पाहिजे. जास्त झगझगीत बल्ब टाकण्यासाठी बाजारातला मेकॅनिक मागच्या रबरी झाकणाला भोक पाडतो. मग त्या भोकातून पाणी गेले आणि कंपनीने वॉरंटी नाकारली, तर भांडायला जागा उरत नाही. लांबच्या प्रवासाहून आल्याबरोबर तापलेल्या दिव्यावर जोराच्या पंपाने गार पाणी मारले की आतली हवा एकदम आकसते आणि सांध्यातली किंचितशी फटही पाणी ओढून घेते. इंटरनेटवरचे व्हिडिओ पाहून दिव्याला ड्रिलने भोक पाडणे, काच तापवून उचकटणे, हे प्रकार वॉरंटी असेपर्यंत तरी करू नयेत. दिव्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ओल शोषली जाते, परंतु फट तशीच राहते.

एवढ्याशा पाण्याने काय बिघडते, असेही कोणी म्हणेल. हेडलाइटचा प्रकाश ठरावीक रेषेत पडावा अशी त्याची रचना असते. खालच्या बीमला वरून एक कड असते, तिच्यामुळे समोरून येणाऱ्याचे डोळे दिपत नाहीत. काचेवर थेंब असले की प्रकाश विखुरतो. आपल्याला रस्ता अंधूक दिसतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत मात्र उजेड घुसतो. भर पावसात, आंबेनळीच्या किंवा करूळच्या घाटात, रात्री अकरा वाजता याचा अर्थ काय होतो, हे त्या रस्त्याने गेलेल्यांना सांगायला नको. शिवाय परावर्तकावरचा अ‍ॅल्युमिनियमचा नाजूक थर ओलाव्याने खराब होतो, जोडण्यांना गंज चढतो, एलईडीचे सर्किट बंद पडते. मग अख्खा दिवा बदलावा लागतो. आजच्या दिव्याची किंमत काही हजारांपासून सुरू होते आणि महागड्या गाड्यांत ती लाखाच्या घरात जाते. वॉरंटीच्या काळात 'नॉर्मल' म्हणून टाळलेला दिवा वॉरंटी संपल्यावर ग्राहकाच्या खिशातून बदलला जातो. 'नॉर्मल' या शब्दामागचे अर्थशास्त्र हे असे आहे.

एका शिक्षकाची गोष्ट

आमच्या परिचयातील एक बांधव जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. त्यांनी मुहूर्त वगैरे न पाहता १४ एप्रिलला गाडी घेतली, विहारात नेऊन बुद्धवंदना केली आणि मुलांना फिरवून आणले. जुलैत उजव्या हेडलाइटमध्ये पाणी दिसू लागले. नात्यातल्या लोकांनी मुहूर्त काढला. शोरूममध्ये तर वेगळाच अनुभव आला. गाडी घेताना 'सर, बसा, चहा घ्या' म्हणणारी मंडळी तक्रारीच्या वेळी 'तुमची पहिलीच गाडी आहे ना, म्हणून तुम्हाला माहीत नाही' असे बोलू लागली. या एका वाक्यात काय काय भरलेले असते ते आमच्या वाचकांना उलगडून सांगण्याची गरज नाही.

गुरुजींनी आवाज चढवला नाही. त्यांनी आठ दिवस निरीक्षण केले. रोज सकाळी आणि रात्री दोन्ही दिव्यांचे फोटो काढले, तारीख-वेळ लिहिली, पाऊस होता की ऊन होते ते नोंदवले. डाव्या दिव्यात दोनदा पुसट धुके आले आणि गाडी चालवल्यावर अर्ध्या तासाच्या आत गेले. उजव्या दिव्यात आठही दिवस पाणी होते, तळाशी बोटभर साचलेले. ही वही घेऊन ते पुन्हा गेले आणि एकच प्रश्न विचारला, 'डावा नॉर्मल असेल तर उजवा काय आहे?' या प्रश्नाला शोरूमकडे उत्तर नव्हते. तरीही टाळाटाळ झाली. तेव्हा गुरुजी म्हणाले, 'उजवा दिवा नॉर्मल आहे, असे जॉब कार्डवर लिहून सही-शिक्का द्या.' सही करायला कोणी पुढे आले नाही. दिवा उतरवून पाहिला तेव्हा मागचे झाकण कारखान्यातूनच नीट बसलेले नव्हते. पंधरा दिवसांत नवीन दिवा वॉरंटीत बसवून मिळाला.

गुरुजींकडे ओळख नव्हती, वशिला नव्हता. त्यांच्याकडे वही होती, तुलना होती आणि लेखी मागण्याची शिस्त होती. केसमुत्त नगरीच्या कालामांना तथागतांनी हेच सांगितले होते. परंपरेने सांगितले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखा. नजर लागल्याचे सांगणारी शेजारीण आणि नॉर्मल असल्याचे सांगणारा अ‍ॅडव्हायझर, दोघांनाही ही एकच कसोटी लावायची असते. संविधानाच्या ५१ अ कलमात वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने घातले गेले. ते कर्तव्य प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञापुरते नाही. घरापुढच्या गाडीचा दिवा पाहतानाही ते पाळायचे आहे.

कायदा काय सांगतो?

पुष्कळांना वाटते की ग्राहक न्यायालय म्हणजे वकील, तारखा आणि खर्च. म्हणून ते पायरी चढत नाहीत. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा आता २०१९ च्या कायद्याने घेतली असून तो २० जुलै २०२० पासून अमलात आला आहे. त्यातल्या काही गोष्टी प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ असाव्यात.

वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाते. रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क काहीच नाही. पाच ते दहा लाखांसाठी २०० रुपये, दहा ते वीस लाखांसाठी ४०० रुपये. तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो तेथेच तक्रार करता येते, कंपनीच्या गावाला जावे लागत नाही. वकील देण्याची सक्ती नाही, स्वतः उभे राहून बोलता येते. तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत गेले पाहिजे. दोष तपासल्याशिवाय ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे तपासणीसाठी पाठवू शकतो.

टुरिस्ट गाडी चालवणाऱ्या तरुणांसाठी एक विशेष गोष्ट. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूचा मालक 'ग्राहक' ठरत नाही, असे सांगून त्यांना परत पाठवले जाते. परंतु स्वयंरोजगारातून स्वतःचे पोट भरण्यासाठीच घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू या अपवादात मोडत नाही, असे कायद्यातच स्पष्ट केले आहे. एकच टॅक्सी स्वतः चालवून घर चालवणारा माणूस कायद्याने ग्राहकच आहे.

आयोगाकडे जाण्याआधीच्या पायऱ्या सोप्या आहेत. पहिली, फोटो आणि नोंदी ठेवा. दुसरी, प्रत्येक खेपेला तक्रार जॉब कार्डवर आपल्या शब्दांत लिहून घ्या. 'जनरल चेकअप' असे लिहिलेल्या कागदावर सही करू नका, 'उजव्या हेडलाइटमध्ये पाणी साचते' असेच लिहायला लावा. तिसरी, कंपनीच्या मुख्य कार्यालयाला लेखी तक्रार पाठवा आणि तिची प्रत जपून ठेवा. चौथी, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. एवढे केल्यावर बहुतेक वेळा पुढच्या पायरीची वेळ येत नाही, कारण समोरच्याला कळून चुकते की हा माणूस लिहितो.

तक्रार करताना न्यायबुद्धीही सोडू नये. पुसट धुक्यासाठी गाडी बदलून मागणे आणि आयोगात खोटी तक्रार नेणे हे आपल्याला शोभणारे नाही. आपली तक्रार खरी असेल तेव्हाच तिला वजन येते. म्हणूनच आधी कारण समजून घ्यायचे.

दिवा बनवणारे हात

शेवटी एक गोष्ट विसरता कामा नये. पिंपरी-चिंचवड, चाकण, वाळूज येथील औद्योगिक पट्ट्यांत गाड्यांचे भाग बनतात, तेथे आपलीच हजारो मुले-मुली राबतात. पुष्कळ जण ठेकेदाराकडे, कंत्राटी पद्धतीने. दिव्याच्या घरावर चिकट द्रव्याची रेघ ओढणे, त्यावर काच दाबून बसवणे, हवेचा दाब देऊन गळती तपासणे, अशा कामांतूनच दिवा तयार होतो. एक रेघ तुटली की पावसाळ्यात कोणाच्या तरी दिव्यात पाणी शिरते. ग्राहकाने दिव्याची तक्रार केली की साखळीच्या शेवटी एखाद्या कंत्राटी कामगाराला दोषी धरून घरी बसवले जाऊ नये, हेही आपल्या चळवळीने पाहिले पाहिजे. वेग वाढवा, माणसे कमी करा, तपासणी आटपा असा हुकूम देणारा वेगळा असतो आणि शिक्षा भोगणारा वेगळा असतो. कामगारांना पुरेसा वेळ, प्रशिक्षण आणि कायम नोकरी मिळाली तर दिवेही चांगले बनतील. ग्राहकाचा हक्क आणि कामगाराचा हक्क यांचे भांडण लावण्यात भांडवलाचे हित आहे, आपले नाही.

आमची सूचना छोटी आहे. आपल्या विहारांत रविवारी वंदनेनंतर लोक जमतात. अशा एखाद्या रविवारी तासभर ग्राहक कायद्याला द्या. वस्तीत गॅरेज चालवणारा, कारखान्यात काम करणारा, विज्ञान शिकवणारा असा कोणी ना कोणी असतोच, त्याला बोलते करा. २४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन आहे. त्या दिवशी जॉब कार्ड कसे भरावे, तक्रारअर्ज कसा लिहावा, याचा नमुना फळ्यावर लिहून दाखवा. 'शिका' या आदेशाचा अर्थ पदवीपाशी संपत नाही. जी वस्तू आपण वापरतो, तिच्या पोटात काय चालते हे जाणून घेणे हेही शिकणेच आहे. 'संघटित व्हा' म्हणजे एकाच मॉडेलच्या दहा मालकांनी एकत्र येऊन एकच अर्ज करणे हेही आहे. आणि 'संघर्ष करा' म्हणजे प्रत्येक वेळी मोर्चाच असतो असे नाही. कधी कधी तो काउंटरपुढे शांतपणे उभे राहून 'हे लेखी द्या' असे म्हणणे असतो.

दिव्यात पुसट धुके दिसले तर घाबरू नका, दिवा लावा, ते जाईल. पाणी साचलेले दिसले तर गप्प बसू नका, कागद काढा आणि लिहा.

जय भीम!